आरोप निश्चित होईपर्यंत माणसानं किती वर्षं आत काढायची?

नारायणपेठी
गेल्या रविवारी पाहुण्यांना घेऊन आगाखान पॅलेसला गेलो होतो. कस्तुरबा आणि गांधीजींचे सचिव महादेवभाई यांच्या समाध्यांपाशी आमच्या कन्येने विचारलं, "बाबा, यांच्यावर केस काय होती?" केस नव्हतीच. ऑगस्ट १९४२ मध्ये आणून ठेवलं, ना खटला ना शिक्षा. महादेवभाई आठवड्याच्या आत गेले, कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ ला. बांच्या शेवटच्या दिवसांत वैद्य बोलावले, पण सुरुवातीला त्यांना रात्री आत थांबू देत नव्हते. बिचारे फाटकाबाहेर गाडीत झोपायचे.

पुण्याला हा प्रकार त्याहून जुना आहे. १८९७ ला रँडच्या खुनानंतर टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला, दीड वर्षाची शिक्षा झाली, हे शाळेत शिकलो. त्याच वेळी नातू बंधूंनाही उचललं होतं. प्लेगच्या घरझडत्यांबद्दल तक्रारी करणारे हे सरदार. त्यांच्यावर खटलाच नाही. १८२७ चं एक जुनं रेग्युलेशन काढलं आणि दोघांना आत टाकलं. टिळकांना निदान कोर्टात उभं राहून बोलता आलं.

आता आजचं. ३१ डिसेंबर २०१७ ला शनिवारवाड्यावर एल्गार परिषद झाली, विश्रामबाग पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला गेला, माओवाद्यांशी संबंध असल्याच्या आरोपावरून जून २०१८ पासून अटका सुरू झाल्या, जानेवारी २०२० मध्ये तपास एनआयएकडे, म्हणजे केंद्राच्या राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे गेला. एकूण सोळा जणांना अटक झाली. त्यातले फादर स्टॅन स्वामी ८ ऑक्टोबर २०२० ला रांचीतून उचलले गेले. वय ८३, पार्किन्सन्समुळे हातात पेला धरवत नव्हता. त्यांनी स्ट्रॉ आणि सिपर मागितला, तर उत्तर द्यायला तपास यंत्रणेला वीस दिवसांची मुदत मिळाली. ५ जुलै २०२१ ला ते गेले, तेव्हाही कच्चे कैदीच.

ही मंडळी निर्दोष आहेत असं मी म्हणत नाही. मला काय माहीत? खटला चालवा की. पाच-पाच वर्षं आत ठेवून चालवायचाच नाही, हा काय न्याय?

शिवाजीनगर_बाररूम
भावना पोचल्या, पण एक दुरुस्ती. 'आरोपच नाहीत' अशी ओरड चालते ती चूक. पहिलं दोषारोपपत्र नोव्हेंबर २०१८ मध्येच पुण्याच्या कोर्टात दाखल झालं, चांगलं हजारो पानांचं. नातू बंधू आणि आणीबाणीत मिसा कायद्याखाली धरलेले मिसाबंदी ही स्थानबद्धता, म्हणजे खटल्याशिवाय डांबणं. इथे गुन्हा आहे, कलमं आहेत, दर तारखेला न्यायाधीश आहेत. दोन्ही एका तागडीत टाकू नका.

तुमचा मुद्दा वेगळ्या जागी बरोबर आहे. दोषारोपपत्र हे पोलिसांचं म्हणणं. त्यावर कोर्ट आरोप निश्चित करतं तेव्हा कुठे खटला उभा राहतो, आणि इथे नेमकी तीच पायरी वर्षानुवर्षं आली नाही. साध्या गुन्ह्यात साठ किंवा नव्वद दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही तर जामीन हक्काने मिळतो. यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्यात, जो इथे लावलाय, नव्वदाचे एकशे ऐंशी करता येतात. याच केसमधल्या सुधा भारद्वाज डिसेंबर २०२१ मध्ये सुटल्या त्या याच हिशेबावर: मुदत वाढवून देणाऱ्या पुण्याच्या कोर्टाला तो अधिकारच नव्हता, असं हायकोर्ट म्हणालं. त्याच आदेशात बाकी आठ जणांना नकार, कारण त्यांनी वेळेत अर्ज केला नव्हता. म्हणजे माणूस आत की बाहेर हे कॅलेंडर ठरवतं. पीसीआर-एमसीआरच्या (पोलीस कोठडी की न्यायालयीन कोठडी) रांगेत रोज उभा राहणारा मी, मला यात नवल वाटत नाही. तुम्हाला वाटायला हवं.

वैनगंगेकाठचा
मी मूळ गडचिरोलीचा, आता हडपसरला असतो. १ मे २०१९, महाराष्ट्र दिन. कुरखेड्याजवळ जांभुळखेड्याला सुरुंग फुटला, शीघ्र कृती दलाचे पंधरा जवान आणि गाडीचा चालक गेले. त्यातल्या एकाच्या घरी मी बसायला गेलो होतो. अंगणात त्याची चप्पल तशीच होती, कोणी उचलायला तयार नव्हतं.

त्या पंधरांसाठी इथे धागा निघाला होता का? जंगलात बंदूक धरणाऱ्याला पैसा, माणसं, कागद शहरातून पुरतात असा पोलिसांचा आरोप आहे. तो खरा की खोटा हे कोर्ट ठरवेल. पण असला आरोप असलेला माणूस जामिनावर सुटून साक्षीदारांना भेटत फिरला तर आमच्याकडच्या गावात साक्ष द्यायला कोण येईल? खबऱ्या ठरवून मारलेली माणसं आम्ही पाहिली आहेत. जामीन अवघड ठेवलाय तो त्यासाठी.

अप्पा_चिंचवड
उगाच कळवळा. काही केलंच नसेल तर पोलीस घरी कशाला येतील?

मिसाबंदीचा_मुलगा
अप्पा, हेच वाक्य १९७५ ला आमच्या आळीत माझ्या आईला ऐकवलं होतं. वडील संघाचे, येरवड्यात मिसाखाली. बाळासाहेब देवरसही तेव्हा तिथेच होते. का धरलं याचं कारणही सांगायची गरज नव्हती. आई डबा घेऊन मुलाकातीला जायची, कधी भेट व्हायची, कधी डबा परत यायचा. एकदा श्रीखंड आंबून परत आलं, ते तिने आम्हाला खाऊ दिलं नाही आणि फेकूनही दिलं नाही. दोन दिवस ओट्यावर होतं.

सुप्रीम कोर्टाने एप्रिल १९७६ मध्ये सांगितलं की आणीबाणीत स्थानबद्धाला कोर्टाचं दार नाही. चार विरुद्ध एक. त्या चारांत आपल्या पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड. न्या. बेग यांनी तर सरकार स्थानबद्धांची जवळजवळ आईच्या मायेने काळजी घेतंय असं निकालात लिहून ठेवलं. त्याच काळात दम्याने पिचलेल्या स्नेहलता रेड्डी बंगळूरच्या तुरुंगात होत्या, सुटल्यावर लगेच, जानेवारी १९७७ मध्ये वारल्या. २०१७ ला तो निकाल मोडीत काढला तो यशवंतरावांच्याच चिरंजीवांनी. चाळीस वर्षं लागली.

मी आजही त्याच विचारांचा आहे, एल्गारवाल्यांशी माझं अजिबात जमणार नाही. पण मिसाबंदी म्हणून सरकारी मानधन घ्यायचं आणि दुसऱ्याच्या कोठडीकडे पाठ फिरवायची, हे मला जमत नाही. आमच्या शाखेतल्या काहींना जमतं. त्यांना विचारलं की विषय हवामानाकडे जातो.

स्वाती_धायरी
मोठ्या केसेस राहू द्या. कोणी व्हीआयपी पुण्यात यायचा असला की आंदोलनातल्या पोरांना आदल्या रात्री 'प्रतिबंधात्मक' म्हणून चौकीत बसवून ठेवतात. माझ्या नवऱ्याला असंच पहाटे साडेपाचला नेलं, अंगात बनियन आणि ट्रॅकपँट. मी इन्सुलिन घेऊन गेले तर हवालदार म्हणाला, "साहेब आल्यावर." साहेब चार वाजता आले. फ्रीज नव्हता, म्हणून पिशवीत बर्फ घालून मी फुटपाथवर बसलेले, बर्फवाल्याकडे दोनदा जाऊन आले. संध्याकाळी सोडलं, कागद कसला नाही. तक्रार करू म्हटलं तर अटकच नव्हती म्हणे. मग साडेपाच ते सात तो तिथे चहा प्यायला गेला होता का?

सर्व पोलीस ठाण्यांत सीसीटीव्ही लावा असं सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२० मध्ये सांगितलंय. नवऱ्याला बसवलं होतं त्या बाकाच्या वर फक्त जाळीचा पंखा होता.

नारायणपेठी
वैनगंगेकाठचे, धागा निघाला नव्हता, मान्य. निघायला हवा होता. पण मला सांगा, जवानांच्या घरच्यांना तरी काय मिळालं? खटला उभा राहिला तरच खरं-खोटं ठरणार ना. याच केसमधल्या वर्नन गोन्साल्विस आणि अरुण फरेरा यांना जुलै २०२३ मध्ये जामीन मिळाला तेव्हा त्यांची आत पाच वर्षं होत आली होती. एवढ्या काळात एकही साक्षीदार तपासला नाही, तर साक्षीदार वाचवले कोणासाठी?

वैनगंगेकाठचा
जामिनाबाबत माझं मत तेच. खटला लवकर व्हावा हे मात्र मलाही हवंय, तुमच्यापेक्षा जास्त. आणि त्या म्हाताऱ्याचा सिपर अडवायला नको होता. वडिलांना पक्षाघात झाला तेव्हा मी त्यांना झाऱ्याच्या भांड्याने पाणी पाजलंय, मला माहितीये ते काय असतं.

शिवाजीनगर_बाररूम
स्वातीताई, त्या दिवशीची स्टेशन डायरीची नक्कल माहिती अधिकारात मागा. नोंद असेल तर वेळ सापडेल, नसेल तर तेही लेखी घ्या. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लागतो.

अप्पा_चिंचवड
सगळे पुराणातले दाखले. चालू द्या.