मदत हवी आहे: आयडेफ-झिरोमध्ये फॅटचा आकडा डावीकडून की वरून?

मंडळी, एका गावच्या दूध संस्थेसाठी सॉफ्टवेअर करायचंय. त्याआधी संस्थेत काय काय चालतं ते कागदावर मांडतोय. संकलन, तपासणी, बिलं, पशुखाद्य हे सगळं एकाच वेळी सुरू असतं, म्हणून फ्लोचार्ट सोडून आयडेफ-झिरो (IDEF0) घेतलं, म्हणजे प्रत्येक काम एका चौकटीत आणि त्यात येणारं-जाणारं बाणांनी दाखवायची पद्धत. तिचं १९९३ चं अमेरिकी मानक, फिप्स १८३, समोर ठेवलंय. ते २००८ मध्ये मागे घेतलं गेलं, पण वाचायला मला तेच सोपं वाटलं.

इनपुट डावीकडून, कंट्रोल वरून, आउटपुट उजवीकडे, माणसं-यंत्रं खालून, इथवर ठीक. 'दुधाची रक्कम काढणे' या चौकटीत लिटर डावीकडून आणि दरपत्रक वरून, यातही शंका नाही. पण फॅट-एसएनएफचा (दुधातली स्निग्धता आणि ती सोडून उरलेले घन पदार्थ) आकडा? दर त्याच्यावरच ठरतो, म्हणजे तो कंट्रोल ना? शिवाय ए-झिरो पानावर, म्हणजे संस्थेची मुख्य कामं दाखवणाऱ्या पानावर, माझ्या नऊ चौकटी झाल्यात. मानक तीन ते सहा म्हणतं. काय करू?

प्रतिसाद:
चौकटीत शिरून ज्याचं रूपांतर होतं ते इनपुट. काम कसं करायचं हे जे ठरवतं ते कंट्रोल. लिटर आणि फॅट मिळून रक्कम तयार होते, म्हणून इथे फॅट डावीकडून. 'दूध स्वीकारणे' या चौकटीत मात्र दूध डावीकडून येतं आणि तोच आकडा वरून, कारण घ्यायचं की परत करायचं हे तो सांगतो. बाणाला फाटा फोडा, चालतं. तरीही ठरेना तर कंट्रोल धरा, मानकाचाही कल तिकडेच आहे. इनपुट नसलेली चौकट चालते, कंट्रोल नसलेली नाही.

नऊ चौकटींची नावं टाका बघू. 'तपासणी विभाग', 'हिशेब विभाग' असलं काही असेल तर दुखणं तिथेच आहे. चौकटीत क्रियापद हवं. विभाग खालच्या बाणावर.

धागाकर्ता:
तीन तशाच निघाल्या! त्या खाली नेल्या, उरल्या सहा. आता एकच अडचण. चेअरमन साहेब चौकटी डावीकडून उजवीकडे क्रमाने वाचतात आणि 'बिल शेवटी का?' विचारतात.

प्रतिसाद:
आयडेफ-झिरोमध्ये वेळेचा क्रम नसतोच. त्यांच्यासाठी सकाळच्या संकलनाचा वेगळा स्विमलेन (कोण कशानंतर काय करतं ते पट्ट्यांत दाखवणारा तक्ता) काढा, सभासद, टेस्टर, सचिव अशा तीन पट्ट्यांचा. आयडेफ-झिरोचं चित्र सॉफ्टवेअरवाल्यांकडे द्या.