अ‍ॅबोरिजिनल दवाखान्यांच्या गळ्यात किती अहवाल बांधणार?

रानवारा: ऑस्ट्रेलियात अ‍ॅबोरिजिनल म्हणजे तिथला मूळनिवासी समाज स्वतः चालवतो असे शंभराहून जास्त दवाखाने आहेत. पहिला १९७१ साली सिडनीच्या रेडफर्नमध्ये सुरू झाला. अशाच एका दवाखान्याचे हिशेब मी बघतो. केंद्राचा पैसा वेगळा, राज्याचा वेगळा. मधुमेहाचा करार एक, बाळंतिणींचा दुसरा, तंबाखू सोडवण्याचा तिसरा. प्रत्येकाचा फॉर्म निराळा, मुदत निराळी. जूनमध्ये आर्थिक वर्ष संपत आलं की आमच्या नर्सबाई पेशंटपेक्षा स्क्रीनकडेच जास्त बघतात. 'ओव्हरबर्डन' नावाच्या अभ्यासाने २००९ सालीच हे दुखणं मांडलं होतं. माझ्या मते मूळ कारण एकच, या लोकांवर सरकारचा भरवसा नाही.

ताळेबंद: भरवशाचा काय संबंध? पैसा करदात्यांचा आहे, हिशेब द्यावाच लागेल. शिवाय आकडेच नसते, तर मूळनिवासी आणि बाकी ऑस्ट्रेलियन यांच्या आयुर्मानातली आठेक वर्षांची तफावत कळली असती का?

रानवारा: ती तफावत जनगणना आणि मृत्यूनोंदींवरून काढतात हो! आमच्या फॉर्मवरून नाही.

सिस्टरताई: मी उत्तर ऑस्ट्रेलियात डार्विनकडे काम केलंय. सगळेच आकडे वाया जात नाहीत. वर्षातून दोनदा राष्ट्रीय निर्देशांक जातात: बाळाचं जन्मवजन नोंदलं का, मधुमेहींची एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) झाली का. ती माहिती बरीचशी सॉफ्टवेअरच उपसून काढतं, आणि कुणाची तपासणी राहिली ते आम्हालाही कळतं. जीव जातो तो चिल्लर अनुदानांच्या लांबलचक प्रगती अहवालांत. ते वर कोण वाचतं, देव जाणे.

ताळेबंद: मग करार एकत्र करा. पण 'समाजाचा दवाखाना आहे, विचारू नका' हे मला पटणार नाही. दवाखाना चालवणाऱ्या मंडळाने पैसे उधळले तर भोगणार तोच समाज.

रानवारा: विचारू नका असं कोण म्हणतंय? ते मंडळ समाजानेच निवडलेलं असतं, गावची माणसं तोंडावर जाब विचारतात. उलट २०२० मध्ये सगळ्या सरकारांनी या संस्था बळकट करायचा करार केला, आणि २०२४ मध्ये प्रॉडक्टिव्हिटी कमिशन या सरकारच्याच सल्लागार संस्थेने त्या सरकारांना ठणकावलं की कारभार फारसा बदललेला नाही. त्यासाठी कुणाचं अनुदान अडलं?

ताळेबंद: हे मान्य. तरी बिलं मी तपासणारच.

रानवारा: खुशाल तपासा. एकाच बाईची एकच भेट मला तीन फॉर्ममध्ये मोजायला लावू नका, म्हणजे झालं.