अनुभव धागा: गावाकडं बाळांचे लसीचे डोस का चुकतात?

मागच्या बुधवारी गावी होते. अंगणवाडीत नर्सबाई लसींचा निळा डबा घेऊन बसलेल्या, यादीत चौदा बाळं आणि दुपारी एकपर्यंत आलेली पाच. आशाताई उन्हात घरोघर हाका मारत फिरतेय. मी शहाणपणा केला, म्हटलं फुकट असून पण येत नाहीत का हो लोक? तर म्हणाली, "ताई सोयाबीन काढायला आलंय, आज कोण बसंल हितं?" मग गप्प बसले. तुमच्याकडे काय होतं, लिहा. लेक्चर नको, घडलेलं लिहा.

*

आम्ही बीडकडचे, भाऊ-वहिनी ऊसतोडीला जातात. दिवाळीच्या आसपास टोळी निघते ती मार्च-एप्रिललाच परत. पुतण्याचा नऊ महिन्यांचा गोवर-रुबेलाचा डोस बरोब्बर जानेवारीत आला, तेव्हा ते कोल्हापूरकडं कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत. वहिनी एक दिवस थांबली असती तर मुकादम खाडा धरणार, उचल (आगाऊ घेतलेले पैसे) आधीच अंगावर, आणि नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा भाऊ काय तोडणार? कार्ड गावातल्या पेटीत राहिलेलं, कारण फडात भिजंल म्हणून आईनंच ठेवून घेतलेलं. शेवटी आईनं कार्डाचा फोटो पाठवला, तिकडच्या नर्सबाई संध्याकाळी कोपीवर आल्या आणि मोबाईल बघून डोस दिला. वहीच्या कागदावर तारीख लिहून दिली, तो कागद अजून कार्डाला टाचणीनं लावलाय.

*

मी एएनएम, म्हणजे गावोगाव लस देणारी नर्स आहे, सतरा वर्षं झाली. लोक येत नाहीत हे अर्धंच खरं, कधी कधी आलेलं बाळ आम्हीच परत पाठवलंय. बीसीजीची (क्षयरोगावरची लस) बाटली दहा डोसची, एकदा कालवली की चार तासांत संपवायची नाहीतर टाकायची. नियम सांगतो एक बाळ असलं तरी फोडा, पण मीटिंगला वेस्टेजचा, म्हणजे वाया गेलेल्या डोसचा आकडा विचारतात तेव्हा नियम कुणी काढत नाही. मग तोंडातून निघतं, "पुढच्या महिन्यात या." ती बाई पाच किलोमीटर चालत आलेली असते. पुढच्या वेळी ती का येईल? आता मी फोडते, काय विचारायचं ते विचारा.

*

आमच्याकडे सासूबाईच मोठ्या डॉक्टर 😄 दीड महिन्याचा पेंटा (पाच आजारांवरची एकत्र लस) दिला, रात्री ताप, मांडीला गाठ, पोर रात्रभर किरकिर. सकाळी फर्मान, आता सुई नाही. खरं तर ताप येऊ शकतो, गाठ आपोआप बसते, चोळायची नाही, औषध किती द्यायचं हे कुणी घरात येऊन नीट सांगितलंच नव्हतं, मला एकटीला गडबडीत सांगून पाठवलेलं आणि घरात माझं कोण ऐकतंय. अडीच महिन्याच्या वेळी आशाताईनं माझ्याऐवजी सासूबाईंनाच बोलावलं, अर्धा तास शेजारी बसवून घेतलं, चहा पाजला. तेव्हापासून त्याच तारखा मोजतात.

*

आमच्या वाडीवर पल्स पोलिओचा रविवार म्हणजे जत्राच असायची. बोटाला शाई लावून घ्यायला मी दोनदा लायनीत लागलेलो, दुसऱ्यांदा कान पिळला. निसर्गातल्या मूळ विषाणूनं झालेल्या पोलिओचा देशातला शेवटचा रुग्ण 2011 च्या जानेवारीत सापडला, हावड्यात. पण एक घोळ आमच्याकडे अजून आहे, लोक म्हणतात थेंब घेतले ना, मग सुई कशाला. थेंब पोलिओचे, गोवर घटसर्पाला ते चालत नाहीत हे सांगून थकलो.

*

2022 ला मुंबई, भिवंडी, मालेगावात गोवर पसरला तेव्हा आमच्या भागात लोक स्वतःहून कार्ड शोधायला लागले. मी पण. दीड वर्षाचा रकाना कोरा. बायको म्हणाली तुला कधी माहीत होतं कार्ड कुठंय ते? खरंय, मला डब्यांमागचा फडताळाचा कप्पाच माहीत नव्हता. सुट्टी टाकून मीच घेऊन गेलो, रांगेत बाप म्हणून एकटाच, नर्सबाईंनी विचारलं, "बाळाची आई बरी आहे ना?"

*

धागा काढणारी: 😂 हे आमच्याकडे पण विचारलं असतं. आशाताईला वाचून दाखवलं, ती म्हणतेय सोयाबीन संपेपर्यंत सत्र सकाळी सातला ठेवून बघू, नर्सबाईंची एसटी तेवढी वेळेत पाहिजे.