अँडीच्या वयाची मुंबईकर मंडळी, बोला!

जिवंत खेळण्यांच्या 'टॉय स्टोरी' या अ‍ॅनिमेशन सिनेमाचा पहिला भाग १९९५चा, दुसरा १९९९चा, तिसरा २०१०चा आणि चौथा २०१९चा. आपल्यातले बरेच जण पहिल्याच्या वेळी हाफ चड्डीत होते आणि तिसऱ्यापर्यंत कॉलेजात नाहीतर नोकरीला लागले होते. पडद्यावरचा अँडी, त्या खेळण्यांचा मालक पोरगा, तोही आपल्यासोबतच वाढला. पहिल्या भागात त्याला आवाज देणारा जॉन मॉरिस तेव्हा शाळकरी पोरगा होता, आणि पंधरा वर्षांनी कॉलेजला निघालेल्या अँडीचा आवाजही त्याचाच आहे.

परीक्षण नको, गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. कुठल्या घरात, कुणासोबत पाहिलात आणि तुमच्या स्वतःच्या खेळण्यांचं पुढे काय झालं, ते लिहा. सुरुवात मीच करतो.

गिरगाव

आमची खोली दहा बाय बारा, माणसं सहा. खेळणी बोलतात याचं मला फारसं काही वाटलं नाही. मी थक्क झालो ते एवढ्याशा पोराला स्वतःची खोली आहे हे बघून! भिंतीवर ढग, आणि तो बाहेर गेला की खोलीत कुणीच नाही. आमच्याकडची खेळणी जिवंत व्हायची म्हटली असती तरी त्यांना वेळ कधी मिळणार होता? दुपारी आजी आडवी झालेली, संध्याकाळी बाबांचे मित्र, रात्री आम्ही भावंडं ओळीने जमिनीवर.

पिक्चर पाहिला तो भाड्याच्या व्हीसीडीवर. दोन सीड्या. दुसरी हमखास अडकायची. मग दादा ती काढून बनियनला आतल्या बाजूने पुसायचा, मधून कडेकडे, गोल नाही. गोल पुसली तर चरे वाढतात हे त्याला कुणी शिकवलं देव जाणे, पण तोवर दारात उभी असलेली शेजारची पोरंसुद्धा श्वास रोखून बघत राहायची.

माझा ट्रक आणि ठोकळे एका दिवाळीत माळा आवरताना भंगारात गेले. तिसऱ्या भागात अँडीची आई खेळण्यांची काळी पिशवी कचरा समजून रस्त्यावर नेऊन ठेवते, तेव्हा थिएटरात सगळे हळहळले. मला हसू आलं. तिचा निदान गैरसमज तरी झाला होता.

कलिना

तळमजल्याचं घर. २६ जुलै २००५ला पाणी ओट्यापर्यंत चढलं. टीव्ही गेला, गाद्या गेल्या, बहिणीची दहावीची पुस्तकं गेली. क्रॉफर्ड मार्केटातून आणलेला माझा डुप्लिकेट बझ, म्हणजे पिक्चरमधलं अंतराळवीराचं खेळणं, मात्र तरंगत होता म्हणून वाचला. त्याला आम्ही आठवडाभर खिडकीच्या गजाला उलटा बांधून वाळवला. नंतर छातीवरचं बटण दाबलं की तो पावसाळी बेडकासारखा डरांव करायचा. तिसऱ्या भागात बझ अचानक स्पॅनिश बोलायला लागतो, तेव्हा अख्ख्या थिएटरात सगळ्यात मोठ्याने आम्ही दोघं बहीणभाऊ हसलो असू.

मालाड

मी व्हीएफएक्समध्ये, म्हणजे सिनेमाची दृश्यं संगणकावर करण्याच्या कामात आहे, तेव्हा जरा धंद्याचं बोलतो. खेळण्यांचीच गोष्ट का? कारण त्या काळच्या संगणकाला गुळगुळीत प्लॅस्टिक छान जमायचं; कातडी, केस, ओले कपडे जमायचे नाहीत. पहिला भाग पुन्हा लावा आणि माणसं किती कमी दिसतात ते बघा, कित्येकदा नुसते पायच. आणि लगेच चौथ्याची सुरुवातीची पावसाची रात्र लावा. असा पाऊस मुंबईकराला खोटा म्हणता येत नाही.

पूर्ण लांबीचा, सगळाच्या सगळा संगणकावर केलेला पहिला सिनेमा म्हणजे 'टॉय स्टोरी'चा पहिला भाग. रेंडरसाठी, म्हणजे संगणकाकडून एकेक फ्रेम तयार करून घेण्यासाठी, ११७ मशिनं रात्रंदिवस चालू होती. आम्ही रेंडर लावून शेवटची लोकल पकडतो आणि सकाळी येऊन बघतो तर अठराव्या फ्रेमला अडकलेलं, तेव्हा मला त्या माणसांची आठवण येते.

दुसऱ्या भागाचा किस्सा आमच्याकडे नव्या पोरांना सांगतातच. काम चालू असताना चुकीची कमांड गेली आणि फायली डोळ्यांदेखत एकेक करून उडायला लागल्या. बॅकअप बघितला तर तोही धड नव्हता. वाचवलं त्या पिक्चरच्या टेक्निकल डायरेक्टर गॅलिन सुसमनने. तिचं बाळ लहान, त्यामुळे ती घरून काम करायची आणि घरच्या मशिनवर एक प्रत होती. ते मशीन ब्लँकेटात गुंडाळून गाडीतून आणलं. पुढे मूळ गोष्टच पसंत पडेना म्हणून बराचसा पिक्चर नऊ महिन्यांत नव्याने केला, ती वेगळी मारामारी. किस्सा ऐकून पोरं माना डोलावतात, जागेवर जातात आणि फाइलला 'फायनल-फायनल-२' असं नाव देतात.

मुलुंड

मी आई आहे, माझंही चालेल ना? तिसरा भाग लेकासोबत पाहिला, त्याच पावसाळ्यात तो इंजिनिअरिंगला पुण्याला गेला. सगळ्यांना शेवटचा अंगणातला, अँडी खेळणी देऊन टाकतो तो प्रसंग आठवतो. माझं काळीज हललं ते त्याच्या जरा आधी. अँडीची आई बोलता बोलता त्याच्या रिकाम्या खोलीत पाऊल टाकते आणि तिचं वाक्य अर्धंच राहतं. तेवढंच.

घरी आल्यावर लेकाने विचारलं, "आई, माझी खेळणी कुठायत?" मी ती केव्हाच आमच्या कामवाल्या मावशींच्या नातीला दिली होती. तो चार दिवस धुमसत होता. मला आजही त्याचं काही वाटत नाही. त्या पोरीने त्यातल्या अस्वलाचा एक कान तोडला, म्हणजे खेळली असणार.

लालबाग

अँडीने खेळणी बॉनी नावाच्या छोट्या पोरीला दिली, विषय संपला. चौथा काढायची काही गरज नव्हती. गणपती एकदा विसर्जन झाला की पुन्हा त्याच मांडवात आरती करत नाहीत.

विलेपार्ले

लालबागच्या दादांना साष्टांग दंडवत, पण मला चौथाच आवडतो. माझा जन्म २००४चा, त्यामुळे माझा सगळा क्रमच उलटा. आधी तिसरा पाहिला, त्यातल्या लॉट्सो या दुष्ट अस्वलाला घाबरून रात्री आईच्या कुशीत झोपले, पहिला त्यानंतर कधीतरी टीव्हीवर. ज्याला त्याला अँडीचा वियोग. मला मुळात अँडी नीट माहीतच नव्हता. बो पीप ही बाहुली मालकाशिवाय, स्वतःच्या मर्जीने जगते हे मला फार पटलं. आणि प्लॅस्टिकच्या काटा-चमच्यापासून झालेला, सारखा कचऱ्याच्या डब्यात उडी मारणारा फोर्की तर आमच्या घरातलाच झालाय.

पाचव्या भागात खेळण्यांची गाठ टॅबलेटशी घातली आहे. आमच्याकडे तो सामना टॅबलेटने कधीच जिंकलाय, भाचा त्याच्याशिवाय घास गिळत नाही. पण परवा चौथा भाग बघून झाल्यावर तो वरणाचा चमचा घेऊन आला आणि म्हणाला, "मावशी, याला डोळे काढ." मार्करने काढून दिले. तेव्हापासून तो चमचा घासायला देत नाही, आणि आई माझ्यावर चिडली आहे.