धर्म जगभरचे झाले, शेजारधर्माचं काय?

तलावपाळी:

यंदा रमजानच्या तोंडावर आमच्या ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या सोसायटीत लिफ्टशेजारी कागद लागला: 'क्लब हाउस धार्मिक कार्यक्रमांसाठी मिळणार नाही. कमिटीच्या आदेशावरून.' दोन घरांनी इफ्तारसाठी हॉल मागितला होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पुढच्याच पौर्णिमेला त्याच हॉलमध्ये सत्यनारायण झाला. सेक्रेटरींना विचारलं तर म्हणाले, 'तो धार्मिक नाही हो, सांस्कृतिक.' हा उघड लबाडपणा आहे, त्यावर धागा काढायची गरज नाही. मला वेगळंच म्हणायचंय.

मी टेंभी नाक्याजवळ वाढलो. तिथून पायी फिरण्याच्या टप्प्यात कोपिनेश्वर, सेंट जॉन चर्च, अग्यारी, मशीद आणि १८७९ साली बांधलेलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ. आमच्या मजल्यावर एक बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं, कुटुंब राहायचं. घरात अस्सल मराठी, बाईंच्या गळ्यात मंगळसूत्र. नवस फेडायचा असला की एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने मलिदा व्हायचा: भिजवलेले गोड पोहे, ओलं खोबरं, वेलची, सुका मेवा, भोवती फळांच्या फोडी. एक ताटली आमच्याकडे यायची आणि आमची आजी, जी बाहेरचं पाणीसुद्धा पीत नसे, ती प्रसाद म्हणून डोळ्यांना लावून खायची. या समाजात एकोणिसाव्या शतकात बायबलमधल्या कथांवर मराठीतून कीर्तनंसुद्धा होत.

हीच माणसं इस्राएलला गेली तेव्हा काय झालं? १९६२ मध्ये तिथल्या मुख्य रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, पीठाने लग्नाआधी त्यांची वंशावळ तपासा असं फर्मान काढलं. मोठं आंदोलन झालं, आणि १९६४ मध्ये तिथल्या संसदेला 'हे सर्वार्थाने ज्यूच आहेत' असं जाहीर करावं लागलं. म्हणजे कोकणच्या किनाऱ्यावर कुणी कधी न मागितलेला दाखला, धर्माचं घर जिथे आहे तिथे मागितला गेला.

माझा मुद्दा असा. जुना शेजार टिकला तो सहिष्णुतेच्या भाषणांनी नव्हे. प्रत्येकाचा धर्म इथल्या चुलीवर, इथल्या भाषेत थोडा थोडा शिजलेला होता, म्हणून तो शेजाऱ्याला ओळखीचा वाटायचा. आता मोबाइलमुळे प्रत्येक धर्माची एकच 'बरोबर' आवृत्ती जगभर पोचते. आमच्याकडच्या लग्नात पिवळेधमक कपडे घालून 'हल्दी' होते, करवा चौथ होते, मुंब्र्यात साडीच्या जागी अबाया येतो. न्यू जर्सीत आणि घोडबंदरला तोच हिंदू, दुबईत आणि मुंब्र्याच्या कौशात तोच मुसलमान. धर्म जगभर जितका सारखा, तितका शेजाऱ्याला परका. पटतंय का?

विवेकराव:

नाही. धर्म स्थानिक असो की जागतिक, भोंगा सारखाच वाजतो. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पुन्हा सांगितलं की लाउडस्पीकर हा कुठल्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही. २००० सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ती पाळली तर निम्मं सहजीवन आपोआप जमेल. उरलेलं निम्मं, धर्म घरात ठेवला की जमेल. हॉल कुणालाच देऊ नका, विषय संपला.

तलावपाळी:

विवेकराव, 'कुणालाच नाही' हा नियम आमच्याकडे कसा चालतो ते वर पहिल्याच परिच्छेदात लिहिलंय.

निळाई:

मूळ लेख वाचताना छान वाटतो, पण त्या ताटल्या कुणाकुणाच्या दारात जायच्या ते आधी सांगा. 'बाहेरचं पाणीसुद्धा पीत नसे' हे तुम्ही आजीचं कौतुक म्हणून लिहिलंय. बाहेरचं म्हणजे कुणाच्या हातचं?

माझ्या आजीच्या गावातही सगळे धर्म एकोप्याने राहायचे. देवळाची पालखी दर्ग्यासमोर थांबायची, मुल्लाजी नारळ द्यायचे, सगळं अगदी गोड. आमची वस्ती मात्र ओढ्यापलीकडे, आणि विहिरीवर वाढायला दुसरं कुणीतरी लागायचं. सगळ्यांनी आपापली पायरी सांभाळली की गावात शांतता असतेच. ती शांतता मोडली म्हणून आम्ही माणसात आलो.

आणि जग जवळ आल्याचं म्हणाल, तर आमच्या बाबतीत तो गुन्हा नव्हे, सुटका आहे. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात बाबासाहेबांनी दीक्षा घेतली ती महास्थवीर चंद्रमणींकडून, आणि ते मूळचे ब्रह्मदेशातले. गावच्या कुठल्या गुरूने दिली असती? आमच्या नेरूळच्या विहारातली मूर्ती थायलंडहून आलीय. मुलं तिकडच्या भन्तेंशी, म्हणजे भिक्खूंशी, मोडक्या इंग्रजीत बोलतात, आणि त्यांना पहिल्यांदाच कळतं की आपला धर्म म्हणजे फक्त तालुक्याच्या नोंदवहीतला एक रकाना नाही. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात ६५ लाख बौद्ध होते, देशातल्या दर चार बौद्धांमागे तीन. तरी गावात आम्ही 'ते' होतो. जगात आम्ही बौद्ध आहोत. तुम्ही 'स्थानिक चव' म्हणता त्यात आमच्या वाट्याला काय यायचं ते आम्हाला माहीत आहे.

फुगेवाली:

निळाईला सलाम. आता माझी भर, मी ठाण्याचीच ईस्ट इंडियन, म्हणजे इथली मराठी बोलणारी कॅथलिक.

तलावपाळी, तुमच्या मांडणीत एक मोठं भोक आहे. तुमच्या हिशोबाने आमची मराठी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, जुनी आणि रोम परकं ठरेल. खरं उलटं आहे. शेकडो वर्षं आमच्या चर्चमध्ये मिस्सा लॅटिनमधून व्हायची. माझे आजोबा उत्तरं घोकून म्हणायचे, अर्थ ओ की ठो कळत नसे. १९६२ ते ६५ मध्ये दुसरी व्हॅटिकन परिषद झाली, तिने लोकभाषेला परवानगी दिली, तेव्हा कुठे वेदीवरून मराठी ऐकू आली. म्हणजे जगाच्या पाठीवरच्या सगळ्यात केंद्रीय धर्मसंस्थेने आम्हाला आमची भाषा दिली! आमचं 'ईस्ट इंडियन' हे नावसुद्धा १८८७चं, राणी व्हिक्टोरियाच्या राज्याला पन्नास वर्षं झाली त्या निमित्ताने घेतलेलं. सरकारी नोकऱ्यांत गोव्याच्या आणि मंगळूरच्या मंडळींपेक्षा वेगळं दिसावं म्हणून. आमच्यात 'मूळचं' काय आणि 'बाहेरचं' काय, हे सोडवत बसलात तर रविवार पुरायचा नाही.

आता मराठी मिस्सेला म्हातारी माणसंच जास्त दिसतात, हे खरं. पण ते रोममुळे नाही, इंग्रजी माध्यमामुळे झालं, आणि ते तुमच्या घरातही झालंच असेल. उलट लग्नात आता विहिरीवरून पाणी आणायचा 'उंबराचं पाणी' हा विधी जोरात परत आलाय. विहिरीवर ब्रास बँड, मुली लुगडं नेसून, वरून ड्रोन. माझ्या आईच्या लग्नात लुगड्याची लाज वाटायची म्हणून सगळा पांढरा गाउन. इन्स्टाग्रामवर टाकायला मिळतं म्हणून का होईना, लुगडं परत आलं. मला काही तक्रार नाही.

सेक्टर एकवीस:

खारघरहून. इथे सगळे हिंदूंनाच आरसा दाखवायला टपलेत. जानेवारी २०२५ मध्ये इस्कॉनच्या मंदिराचं उद्घाटन झालं, तेव्हापासून रविवारी रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. तमीळ, बंगाली, मारवाडी, आगरी, सगळे एका रांगेत. हे सहजीवन नाही का? जगभर पसरलेली संस्था आहे म्हणूनच ते जमलं. गावदेवीच्या देवळात तमीळ माणूस येत नाही. आणि बहुसंख्यांच्या सोसायटीत सत्यनारायण झाला तर आभाळ कोसळत नाही. अरबस्तानातली फॅशन इथे आली की ती 'निवड', आणि आम्ही गरबा केला की 'बाजारीकरण', हा दुटप्पीपणा आधी थांबवा.

गावठाणकर:

दादा, गावदेवीला तमीळ माणूस येतो का नाही ते आमच्या जत्रेला येऊन बघ. भाडेकरू कोण आहेत आमचे?

मी कोपरखैरण्याचा आगरी. १९७० ला नवी मुंबई वसवायला सिडको आली, ९५ गावांच्या जमिनी शहराला गेल्या. १९८४ला जासईला गोळीबारात पाच शेतकरी गेले, मग पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळाली. मिठागर गेलं, शेत गेलं, त्याबरोबर शेताचे देव आणि सणही गेले. खळंच नाही तर खळ्याची पूजा कसली? हे कुठल्या मोबाइलने केलं नाही आणि धर्माच्या मुख्यालयानेही नाही. जमिनीला भाव आला म्हणून झालं.

एक डोळ्यांनी बघितलेलं सांगतो. आमच्याकडे लग्नाला धवलारीण लागते. बाई तांदळाचा चौक मांडते, धवले म्हणजे लग्नाची गाणी गाते, आणि तिच्याशिवाय विधी पुढे सरकत नाही. भटजीच्या आधीपासूनचा मान आहे तो, तोही बाईचा. गेल्या मे महिन्यात चुलतभावाच्या हळदीला म्हातारी चौक भरत होती, हात थरथरत होता, तरी रेघ हलत नव्हती. फोटोग्राफर म्हणाला, 'आज्जी, इथं लायटिंग नाय, जरा तिकडं सरका.' ती म्हणाली, 'देव काय लायटिंगमंदी येतो काय?' आणि तिथेच पूर्ण केला. मागे डीजेवाला आवाज तपासत होता. पोरांनी नंतर सगळा धवला मोबाइलवर घेतला, कारण तिच्यामागे गाणारं गावात कुणी नाही. तलावपाळी, तुमचं दुखणं मला कळतं. पण आमच्या धवलारणीला कुठल्या परदेशी धर्माने हटवलं नाही. पैसा आल्यावर आम्हालाच आमचं गावठी वाटायला लागलं.

कौसेकर:

तीन दिवस वाचतोय, लिहू की नको असं चाललं होतं. अबायाचा उल्लेख झालाच आहे तर लिहितो.

आम्ही कोकणी मुसलमान, घरात कोकणीच. आई साडी नेसायची, अजूनही नेसते. बहीण अबाया घालते आणि स्कूटर घेऊन वाशीला ऑफिसला जाते. आईला कॉलेजलाही पाठवलं नव्हतं. तुम्हाला बहिणीचा कपडा दिसला, स्कूटर दिसली नाही. तिने तो का घातला, यावर माझ्या घरातच भांडणं होतात, वडील तर सरळ 'हे आपलं नाही' म्हणतात. पण तो आमचा वाद आहे, त्यावर शेजारधर्माचा हिशोब काय मांडता?

भाऊ दुबईत आहे. सुरुवातीला एका खोलीत संगमेश्वरचे दोघे, केरळचा एक ख्रिश्चन आणि हा. गणपतीत नारळ खोवायला यालाच बसवायचे, कारण हात बरा. अबू धाबीत २०२४ला मोठं हिंदू मंदिर झालं, तेही त्याच खोलीतले सगळे मिळून बघून आले. जगाने शेजार मोडला म्हणता, तर तिथे तो कसा झाला? खोली एकच मिळत होती म्हणून झाला.

आणि इथे? १९९२-९३च्या दंगलींनंतर मुंबईतली माणसं मुंब्र्याला आली ती जीव वाचवायला. नंतर फुगत गेलं ते दुसरीकडे घर मिळेना म्हणून. मी घोडबंदरला भाड्याने जागा बघायला गेलो. एजंटने फोनवर हो म्हटलं, नाव ऐकल्यावर 'मालकांना फॅमिली हवीय' म्हणाला. मी म्हटलं, फॅमिलीच आहे. फोन ठेवला. धर्म जागतिक झाला म्हणून मी लांब गेलो नाही, मला जवळ येऊच दिलं नाही. इफ्तारला हॉल द्यायचा की नाही यावर तुम्ही वाद घालताय, आम्हाला त्या लिफ्टपर्यंतच पोचता येत नाही.

तलावपाळी:

कौसेकर, तुमचा दुबईचा दाखला माझ्याच बाजूचा आहे. एका खोलीत राहिले, एका पातेल्यात शिजवलं, म्हणून जमलं. मी तेच म्हणतोय, फक्त मला वाटतं की 'शुद्ध' धर्माचं वेड लागलं की माणूस त्या पातेल्याकडेच संशयाने बघायला लागतो. आमच्या सोसायटीत आज ख्रिसमसचा केक 'एगलेस आहे ना' विचारून घेतात, त्याच घरची मागची पिढी बेकरीतून अंड्याचा केक आणून खायची. हे घरांच्या भावामुळे नाही झालं.

निळाई, आजीबद्दल बोललात ते बरोबर आहे. ती सोवळ्याचीच होती. पण मग मलिद्याची ताटली तिने का घेतली, याचं उत्तर 'पायरी सांभाळणं' यात सापडत नाही. त्याच सोवळ्याला कुठेतरी भेग पडली होती, आणि ती कशाने पडली हे मला शोधायचंय.

निळाई:

भेग कशाने पडली ते सोपं आहे, शेजारीण गोरी आणि शिकलेली होती. (आता मारा.)

विवेकराव:

घराच्या मुद्द्यावर कायदा काय म्हणतो ते सांगतो, कारण इथे सगळे भावनेत आहेत. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने झोरोस्ट्रियन को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटीच्या खटल्यात, सदस्यत्व फक्त पारशांना देण्याचा पोटनियम वैध ठरवला. प्रकरण अहमदाबादचं होतं. आणि घटनेच्या कलम १५(२) मध्ये दुकानं, हॉटेलं, विहिरी, तलाव, रस्ते यांची नावं आहेत. राहत्या घराचं नाव त्यात नाही.

फुगेवाली:

म्हणजे दुकानात मला वडापाव नाकारता येणार नाही, पण भाड्याने घर नाकारता येतं? बरोबर ना, विवेकराव?

सेक्टर एकवीस:

मालमत्ता ज्याची त्याचा निर्णय. यात धर्म आणू नका. माझंच बघा, माझा खारघरचा दुसरा फ्लॅट दिवाळीनंतर रिकामा होतोय. भाडं वेळेवर देणारा कुणीही आला तर देईन, मला जातधर्माशी घेणंदेणं नाही. उगाच सगळ्यांना एका माळेत ओवू नका.

कौसेकर:

टू बीएचके आहे का? डिपॉझिट किती? व्यक्तिगत निरोप करतो.