मदत हवी आहे: रोडमॅप कंपनीच्या उद्दिष्टाशी जुळत नाही म्हणून परत आलाय

पाटीपेन्सिल
शुक्रवारी आढावा आहे. तिमाहीचा रोडमॅप (कोणती कामं कोणत्या क्रमाने करायची त्याचा आराखडा) परत आला, शेरा एकच: "उद्दिष्टाशी संबंध दिसत नाही." १४ कामं आहेत, सगळ्यांना राइसचे (कामांचा क्रम लावायचं सूत्र) गुण दिलेत, ई-इनव्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवायचं जीएसटी बिल) पहिलं. स्लाइडचा नमुना कुणाकडे आहे का?

लंबक
उद्दिष्ट काय तेच लिहिलं नाहीत. नवे ग्राहक, रिन्यूअल (जुन्यांनी वर्गणी पुन्हा भरणं) की नफा? प्रॉडक्ट कोणतं?

पाटीपेन्सिल
दुकानदारांचं बिलिंग ॲप, वार्षिक वर्गणी. रिन्यूअल ५८ वरून ७० टक्क्यांवर न्यायचंय.

लंबक
मग ई-इनव्हॉइस वर कसं? १ ऑगस्ट २०२३ पासून ते ५ कोटींच्या वरच्या उलाढालीला लागू आहे. तुमचे दुकानदार केवढे?

पाटीपेन्सिल
बहुतेक दीड कोटीच्या आतले. सेल्सची मागणी आहे.

घडीव
चूक इथेच आहे. रीच (किती ग्राहकांना लागू) ४००, इम्पॅक्ट (परिणाम) २, कॉन्फिडन्स (खात्री) ०.८, श्रम ४ माणूस-महिने धरा, पहिल्या तिन्हींचा गुणाकार भागिले श्रम, गुण १६०. पण तो २ नव्या विक्रीवरचा. रिन्यूअलवरचा इम्पॅक्ट ०.२५ धरला तर गुण २०. सूत्र तेच ठेवा, फक्त रकान्याचं नाव 'रिन्यूअलवर इम्पॅक्ट' करा.

शाईपेन
जिरा (Jira, कामांची नोंद ठेवायचं सॉफ्टवेअर) मध्ये हे कधीच नीट दिसत नाही. एक्सेलच बरं.

लंबक
घडीव, पटत नाही. ०.२५ हाही अंदाजच. आधी गळती बघा. गेल्या तिमाहीत वर्गणी संपून न भरलेल्यांची यादी काढा आणि प्रत्येकाचं शेवटचं बिल कधीचं ते पुढे लिहा. पहिल्या महिन्यातच थांबलेले बहुधा माल-यादी भरताना अडकतात. एप्रिलमध्ये थांबलेल्यांची नवी बिल-मालिका तपासा: जीएसटीच्या नियमाने क्रमांक त्या आर्थिक वर्षात पुन्हा येता कामा नये, लांबी १६ अक्षरांच्या आत. ॲपमध्ये नवी मालिका सुरू करता आली नाही की दुकानदार बहुधा परत बिलबुकाकडे जातो. दोन्ही गटांची औषधं वेगळी.

घडीव
मान्य, पण रिन्यूअलचा आकडा वर्षाने कळतो. तिमाहीत काय दाखवणार? पहिल्या ३० दिवसांतली बिलं मोजा. जुन्या डेटात रिन्यू करणारे आणि न करणारे या आकड्यावर वेगळे पडतात का, ते मात्र आधी तपासा. पडत नसतील तर तो आकडा निरुपयोगी.

ताम्हण
ओकेआर (उद्दिष्टं आणि ती मोजायचे निकाल ठरवायची पद्धत) मुळात इंटेलमध्ये अँडी ग्रोव्ह यांनी रुजवले, १९९९ मध्ये जॉन डोअर यांनी गूगलला नेले.

लंबक
ताम्हण, त्यांना शुक्रवार गाठायचाय.

पाटीपेन्सिल
यादी काढली. २१२ पैकी १३१ जणांचं शेवटचं बिल पहिल्या ३० दिवसांतलं. माल-यादी आयात (तयार यादी ॲपमध्ये एकदम भरणं) अकराव्या क्रमांकावर आहे! सेल्सला काय सांगू?

लंबक
आयात पहिली घ्या. ई-इनव्हॉइस खोडू नका, 'आत्ता नाही'मध्ये अटीसह ठेवा: ५ कोटींवरचे किती ग्राहक झाले की घेणार. तो आकडा सेल्सबरोबर बसून आजच ठरवा, आढाव्यात नको.