मदत हवी आहे: हलगी-घुमक्याच्या ट्रॅकचे स्टेम (प्रत्येक वाद्याची स्वतंत्र ऑडिओ फाइल) वेगळे कसे करू?

सिंक लायब्ररीसाठी (व्हिडिओ-जाहिरातींना संगीत पुरवणारी) स्पोर्ट्स प्रोमोच्या अंगाचा ट्रॅक तयार आहे: २ मिनिटं १० सेकंद, १२८ बीपीएम, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. हलगी, घुमकं (हलगीच्या साथीचं चर्मवाद्य), कैताळ (झांज) तिन्ही कोल्हापुरात एकाच खोलीत, क्लिकवर (मेट्रोनोमच्या ठोक्यावर), एकत्र वाजवून घेतलंय. वर सिंथ बेस आणि ब्रास. विकतचे लूप कुठंच नाहीत, वादकांची लेखी संमती आहे. ६०, ३० आणि १५ सेकंदांचे कट झाले (१२८ला ३० सेकंद म्हणजे चार-चार ठोक्यांचे बरोबर १६ बार, त्यामुळं शेवटचा ठोका आधीच थांबवून शेपटीला, म्हणजे विरत जाणाऱ्या आवाजाला, जागा ठेवली).

घोडं अडलंय स्टेमवर. घुमक्याच्या माइकमध्ये हलगी एवढी शिरलीय, की एडिटरनं हलगी म्यूट केली तरी ती मागं ऐकू येणार, तीही लांबून, पोकळ. गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारा) लावला तर घुमक्याची घुमारी तुटते. ४ किलोहर्ट्झच्या वर कापलं तर हलगीची टिपरी जाते, थाप उरतेच. माइकमाइकमधला फेज (ध्वनिलहरींची वेळ) जुळवून पाहिला. एकत्र मिक्स सुधारला, गळती तशीच. एआय सेपरेशननं तिन्ही एकाच ‘ड्रम्स’मध्ये टाकली.

वेगवेगळं रेकॉर्डिंग करता येईल, पण एकमेकांकडं बघून येणारा लयीचा झोल जातो, ट्रॅक विकला तर त्यावरच विकेल. खोली आणखी अर्धाच दिवस मिळेल.

मग तिन्ही मिळून एकच ‘पर्कशन’ स्टेम दिला तर लायब्ररीवाले चालवून घेतात का? की त्या अर्ध्या दिवसात जुन्या टेकवर (आधीच्या रेकॉर्डिंगवर) फक्त घुमकं पुन्हा वाजवून घेऊ?